उन्हाळ्यात पोरांना फिरायला नेताय? रुमाल, टोपी, सनस्क्रीन: काय घ्यायचं, किती आणि कधी

एप्रिल लागला की आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४२ च्या खाली यायचं नाव घेत नाही, मे मध्ये ४४-४५ झालं तरी कोणाला त्याचं नवल वाटत नाही, आणि नेमकं याच दीड-दोन महिन्यांत आपलं सगळं फिरणं असतं. शाळांना सुट्ट्या, आखाजीचं म्हणजे अक्षय्य तृतीयेचं माहेरपण, पुण्या-मुंबईची भाचरं मामाच्या गावाला, चैत्रात सप्तशृंगीची यात्रा, वर लग्नसराई आणि वरातीत भर उन्हात नाचणारी पोरं. घरात बसा म्हटलं तर कोणी बसत नाही, आणि सुट्टीभर कोंडून ठेवूही नये. मग आपण काय करतो, मेडिकलवर जातो, "लहान मुलांचं चांगलं सनस्क्रीन द्या ना भाऊ" म्हणतो, सगळ्यात मोठा आकडा छापलेली ट्यूब घेतो आणि निश्चिंत होतो. माझं म्हणणं असं की ट्यूब ही या सगळ्या तयारीतली शेवटची गोष्ट आहे, आणि आपल्या खान्देशी उन्हात तर ती निम्म्याच त्रासावर चालते. उरलेल्या निम्म्यासाठी काय करायचं ते आधी बघू, ट्यूबवर नंतर येतो.

ऊन एक, त्रास दोन

उन्हातून पोरांना दोन वेगवेगळे त्रास होतात आणि आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो. एक म्हणजे अतिनील किरणं, म्हणजे यूव्ही. ती दिसत नाहीत, गरम लागत नाहीत, पण कातडी भाजते, काळवंडते, डोळ्यांना त्रास होतो आणि लहानपणापासून साठत गेलेलं नुकसान मोठेपणी बाहेर येतं. दुसरा त्रास सरळ उष्णतेचा, ज्याला आपण ऊन लागलं किंवा लू लागली म्हणतो, आणि हा जिवावर बेतू शकतो. सनस्क्रीन फक्त पहिल्यावर चालतं. अंगभर ट्यूब चोपडलेलं पोरगं दुपारी दोनला मैदानात खेळलं तर त्याची कातडी कदाचित वाचेल, ऊन मात्र लागायचं ते लागणारच.

गंमत म्हणजे दोघांची वेळ पण एक नाही. घड्याळात १२ वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला असं आपण धरतो, पण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि जळगाव आहे साडेपंच्याहत्तरच्या आसपास, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साधारण १२:२५ ला, नंदुरबारला अजून पाचेक मिनिटांनी. यूव्ही त्या वेळी सगळ्यात जास्त असतं, आणि त्याच्या आधी-नंतर अडीच-अडीच तास, म्हणजे ढोबळ मानाने सकाळी १० ते दुपारी ३, ते जोरात असतं. पारा मात्र सगळ्यात वर जातो तीन ते साडेचारच्या दरम्यान, कारण जमीन, भिंती, डांबर हे सगळं तापायला वेळ लागतो.

याचा उपयोग असा की सकाळी साडेदहाला "अजून कुठं तापलंय" असं वाटतं तेव्हा किरणं आधीच तेज झालेली असतात, त्या वेळी टोपी आणि सनस्क्रीन लागतंच. आणि संध्याकाळी पाचला किरणांचा जोर बराच उतरलेला असतो, पण अंगण, ओटा, गच्ची सगळं झळा मारत असतं, तेव्हा ट्यूब नसली तरी चालेल, पाणी नसेल तर चालणार नाही.

मोबाईल न बघता अंदाज घ्यायचा असेल तर पोराची सावली बघा. सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरणं कडक आहेत असं धरून चाला. मे च्या शेवटच्या आठवड्यात तर आपल्याकडे सूर्य अगदी सरळ डोक्यावरून जातो आणि भर दुपारी सरळ उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते. मोबाईलवर बघायचं असेल तर हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स लिहिलेला असतो. ३ च्या वर काळजी घ्यायला सुरुवात करायची, ८ च्या वर म्हणजे फार, ११ च्या वर म्हणजे शक्यतो सावली सोडायचीच नाही, आणि आपल्याकडे मे च्या दुपारी तो ११ सहज गाठतो. ढग आले म्हणून ढिलं पडू नका, पातळ ढगातून बरीचशी किरणं खाली येतातच.

पहिलं काम वेळेचं आणि जागेचं

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दमदार गोष्ट, आणि हिच्यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण पाहुणे मंडळी चहा-नाश्ता करून साडेदहाला निघू म्हणतात. मनुदेवी, पाटणादेवी, पाल, पद्मालय, कुठेही जायचं असेल तर पोरं घेऊन सहाला घर सोडा, साडेनऊ-दहापर्यंत चालणं-चढणं-दर्शन उरकून घ्या, मग दाट सावलीत डबा उघडा. दुपार तिथेच सावलीत किंवा कोणाच्या घरी काढून पाच नंतर परत निघालात तर उत्तमच.

अजिंठ्याला लेण्यांच्या आत गारवा असतो पण एका लेण्यातून दुसऱ्यात जायची वाट उघडी आणि दगड तापलेला, म्हणून उघडल्या उघडल्या आत शिरा (सोमवारी बंद असतं हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा). तोरणमाळचं वेगळंच, तिथे हवा गार लागते म्हणून लोक टोप्या गाडीतच ठेवतात. पण दर हजार मीटर उंचीला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं, तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे गरम कमी आणि किरणं जास्त. तिथल्या यशवंत तलावावर तासभर पाण्यात खेळलेली पोरं रात्री नाक-खांदे लाल करून रडतात ती यामुळेच.

सावलीतही फरक असतो. वड, चिंच, आंबा यांची सावली दाट, कडुनिंबाचीही चांगली, बाभळीची विरळ. लग्नाच्या मंडपाचं पातळ पांढरं कापड उन्हाचा चटका कमी करतं पण किरणं बऱ्यापैकी आत येऊ देतं. पत्र्याच्या शेडचं उलटं, वरून किरण एकही आत येत नाही पण दुपारी तो पत्रा असा तापतो की खाली बसलेल्या पोराला उघड्या झाडाखाली जास्त बरं वाटेल. म्हणून लग्नात पोरं झोपवायची तर पत्र्याखाली नको, घरातली भिंतीआडची खोली मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

प्रवासाचं पण थोडं डोकं लावायचं. गाडीच्या समोरच्या काचेतून यूव्ही फारसं येत नाही पण बाजूच्या काचेतून त्यातला एक प्रकार, यूव्हीए, चांगलाच आत येतो, म्हणून बाजूच्या खिडकीला जाळीचा पडदा लावा. एसटीने जाणार असाल तर बाजू बघून बसा. जळगावहून सकाळी अजिंठ्याकडे म्हणजे दक्षिणेला जाताना ऊन डावीकडून, दाराच्या बाजूने येतं, आणि संध्याकाळी परत येताना पण मावळतीचं ऊन डावीकडेच, म्हणजे दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या बाजूची सीट पकडायची. धुळ्याहून शिरपूरकडे उत्तरेला जाताना याच्या बरोबर उलट. मोटरसायकलवर पोराला पुढे टाकीवर बसवायची आपल्याकडे सवयच आहे, उन्हाळ्यात तरी बंद करा, सगळी लू त्याच्या तोंडावर येते. मधे बसवा. वाऱ्याने बरं वाटतं पण तो ४३ चा वारा अंगातलं पाणी उडवत असतो आणि घाम जागच्या जागी सुकल्यामुळे पोरगं किती सुकलंय ते कळतच नाही.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर

त्याला सनस्क्रीन लावायचं नाही, सरळ उन्हातही न्यायचं नाही. कातडी फार पातळ असते आणि घामाची यंत्रणा अजून नीट चालत नसते. सैल सुती अंगरखा, टोपडं आणि आईच्या कडेवर सावली, एवढंच. झोळीवर किंवा बाबागाडीवर जाड कापड टाकून चारी बाजू बंद करू नका, आत हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा आत जास्त तापतं. वरून छत्री धरा, बाजू मोकळ्या ठेवा. या बाळांना वरचं पाणी द्यायचं नसतं, दूधच जास्त वेळा पाजायचं. आजीबाई ग्राईप वॉटर, गुळाचं पाणी घेऊन पुढे येतील, गोड बोलून थांबवा.

कपडे: उजेडापुढे धरून बघा

कपड्यांचं दुकान सोडायच्या आधी एक काम करा, कापड ट्यूबलाईटपुढे धरा आणि आत हात घाला. बोटं स्पष्ट दिसली तर ऊनही आत येणार. पातळ पांढरा सुती टी-शर्ट दिसायला उन्हाळी असतो, पण तो एवढंच अडवतो की साधारण पाच ते सात भागातला एक भाग किरणं आत जातात, आणि तोच टी-शर्ट भिजला की तिसरा हिस्सा आत. म्हणजे हौदात, पाटात, धरणावर ओल्या बनियनवर डुंबणाऱ्या पोराचे खांदे जवळजवळ उघडेच समजा.

वीण जेवढी घट्ट आणि रंग जेवढा गडद तेवढं किरणांपासून जास्त रक्षण, पण गडद रंग तापतो, म्हणून मधला रस्ता काढायचा: खाकी, आकाशी, फिकट हिरवा असा रंग, घट्ट विणीचं सुती कापड, माप मात्र एक नंबर मोठं, म्हणजे आत हवा खेळते. फुल बाही, पूर्ण लांबीची पँट किंवा सैल पायजमा. घरात शाळेचा जुना फुल बाहीचा शर्ट असेल तर तो काढा, टेरीकॉटमध्ये पॉलिएस्टर असतं आणि ते किरणं सुतीपेक्षा चांगली अडवतं, फक्त घाम कोंडतो म्हणून तो सकाळच्या फिरण्याला आणि पाण्यात खेळायला ठेवायचा, भर दुपारी नाही. धुवून धुवून विरलेले कपडे "उन्हाळ्याला बरे" म्हणून पोरांना घालतात ना, ते घरात घाला, बाहेर नको.

बाजारात यूपीएफ ५० लिहिलेले पोहण्याचे फुल बाहीचे शर्ट मिळतात, म्हणजे ५० पैकी एकच भाग किरणं आत. पोरगं रोज तलावावर, स्विमिंग पूलवर जाणार असेल तर ते घेणं सनस्क्रीनच्या चार ट्यूबांपेक्षा स्वस्त पडतं. वर्षातून एकदा उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाणार असाल तर काही गरज नाही.

पायांचं कोणी लक्षात घेत नाही. देवळाबाहेर चपला काढल्या की मोठे माणसं टुणटुण उड्या मारत सावली गाठतात आणि चार वर्षांचं पोरगं फरशीवर उभं राहून रडतं. पिशवीत जाड सुती मोज्यांचा जोड ठेवा, देवाला मोज्याचं काही वावडं नाही. सप्तशृंगगडावर किंवा कुठल्याही दगडी पायऱ्यांवर याचा फार उपयोग होतो. बागेतली लोखंडी घसरगुंडी, झोक्याची साखळी, मोटरसायकलचं रेक्झीनचं सीट, या तिन्हींवर पोराला बसवायच्या आधी स्वतःचा हात लावून बघायचा, तीन-चार सेकंद टिकला तरच बसवायचं.

टोपी की रुमाल

पोरांना आवडते ती क्रिकेटवाली टोपी. ती कपाळ आणि नाक झाकते, कान आणि मान पूर्ण उघडी राहते, आणि सगळ्यात आधी भाजतात ते कान आणि मानच. टोपी घ्यायची तर चारी बाजूंनी काठ असलेली, लहान पोराला काठ तीन-चार बोटं रुंद पुरे, जास्त मोठा काठ डोळ्यावर येतो आणि पोरगं दहा मिनिटांत फेकून देतं. किंवा मागे मानेवर कापडाची झालर असलेली टोपी मिळते ती उत्तम, खेळताना उडत पण नाही. हनुवटीखालची नाडी खेळणाऱ्या लहान पोराला घातक, झोक्यात-फांदीत अडकते, ती काढून टाका किंवा ओढल्यावर लगेच सुटेल अशी ठेवा. गवताची टोपी दिसते छान पण विणीतून चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडत असतील तर उपयोग अर्धा.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे रुमालाला तोड नाही. पांढरा मोठा बागायतदार रुमाल किंवा सुती उपरणं घ्यायचं, दुहेरी घडी करायची, मधला भाग कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं, दोन्ही टोकं कानावरून मागे नेऊन मानेवर एक आडवा फेरा आणि गाठ मागे किंवा बाजूला, गळ्यापुढे कधीच नाही. नाक-तोंड मोकळं. दुहेरी घडी यासाठी की पांढरं सुती कापड एका पदरात फारसं अडवत नाही, दोन पदरात बरंच अडवतं. आणि हाच रुमाल भिजवून, पिळून बांधला की दुसरा त्रास, उष्णतेचा, तो पण आटोक्यात येतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे ओलं कापड घरातल्या कूलरच्या ताट्यांसारखं काम करतं, मुंबईच्या दमट हवेत हा प्रयोग एवढा चालत नाही. अर्ध्या तासात रुमाल सुकतो, परत भिजवायचा. भिजल्यावर किरणं जास्त आत येतात हे खरं, म्हणून तर दोन पदर, आणि मुलींच्या केसांचा भांग असतो तिथे नक्की रुमाल येऊ द्यायचा.

छत्री पण वाईट नाही, गडद रंगाची आणि घट्ट कापडाची असली तर. फक्त ती पोराच्या हातात टिकत नाही, आणि पाण्यावरून, वाळूवरून, पांढऱ्या फरशीवरून जी किरणं उलटून येतात त्यांना ती अडवू शकत नाही.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असं सगळेच म्हणतात. ठेवा, नुकसान काही नाही. पण त्याच्या भरवशावर टोपी घरी सोडू नका, आणि कांदा पोटात गेलेला बरा.

गॉगल

थोडक्यात सांगतो. यात्रेत वीस-तीस रुपयांना मिळतो तो काळा प्लास्टिकचा गॉगल पोराला देऊ नका, फोटोपुरता ठीक. काच काळी असली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काचेला यूव्हीचा थर नसेल तर उलट जास्त किरणं आत जातात. घ्यायचा तर "यूव्ही ४००" लिहिलेला, आणि चष्म्याच्या दुकानात घ्या, काही दुकानांत तो तपासायचं मशीन असतं, समोर तपासून मागा. बाजूने झाकणारा आणि न फुटणारा घ्या. तीन वर्षांखालचं पोरगं तो ठेवतच नाही, तिथे टोपीच्या काठावर भर द्या.

आता सनस्क्रीन

वरचं सगळं झाल्यावर जी कातडी उघडी राहिली तिच्यासाठी सनस्क्रीन. चेहरा, कान, मान, हाताचे पंजे, पावलांची वरची बाजू, बास. एवढ्यासाठी ट्यूब निवडायची.

एसपीएफ हा आकडा यूव्हीबीचा, म्हणजे जी किरणं कातडी लाल करतात त्यांचा. ३० वालं शंभरातली ९७ अडवतं, ५० वालं ९८. १०० लिहिलेलं बघून दुप्पट पैसे द्यायची गरज नाही, ३० किंवा ५० मधलं जे परवडतं ते घ्या. यूव्हीए वेगळी, ती आत खोल जाते आणि काळपटपणा, जुनाट नुकसान करते, तिच्यासाठी ट्यूबवर "ब्रॉड स्पेक्ट्रम" किंवा पीए पुढे तीन-चार अधिकची चिन्हं बघायची. हे नसेल तर आकडा कितीही मोठा असो, ठेवून द्या. तिसरं, "वॉटर रेझिस्टंट" आहे का, आणि किती मिनिटं, ४० का ८०. वॉटरप्रूफ असं काही नसतं.

सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या पोरांना किंवा ज्यांना एक्झिमा, घामोळं, पटकन पुरळ येतं त्यांना मागच्या बाजूला झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायॉक्साईड लिहिलेलं मिनरल सनस्क्रीन घ्या, ते कातडीच्या वर बसून राहतं आणि झोंबत नाही. पांढरट दिसतं, फोटोत पोरगं पिठात लोळल्यासारखं येईल, येऊ द्या. मोठ्या पोरांना साधं पण चालतं. बिनवासाचं बघा. स्प्रे नको, अर्धा वाऱ्यावर जातो आणि उरलेला नाकात. "किड्स" लिहून कार्टून छापलं म्हणजे आतला माल वेगळा असतोच असं नाही, मागची यादी वाचा. आणि ज्या ट्यूबवर गोरेपणाची, उजळपणाची भाषा असेल ती पोरांसाठी उचलूच नका. पोरगं काळं पडेल ही चिंता पाहुण्यांना असते, आपली चिंता त्याची कातडी भाजू नये एवढीच. आपल्या सावळ्या कातडीला थोडं नैसर्गिक संरक्षण असतं, गोऱ्या कातडीइतकी ती पटकन भाजत नाही, पण अजिबात भाजत नाही असं नाही.

एक्स्पायरी बघा, आणि दुकानात शोकेसमध्ये उन्हात मांडलेली ट्यूब घेऊ नका, आतल्या कपाटातली मागा. गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दुपारी राहिलेली ट्यूब पण गेलीच, आतलं तेल-पाणी वेगळं झालेलं दिसतं. खोबरेल तेल, हळद, चंदन, मुलतानी माती यातलं काहीही सनस्क्रीनच्या जागी चालत नाही.

नवीन ट्यूब आणली की आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून दिवसभर ठेवा, लाल झालं, खाजलं तर ती ट्यूब त्या पोरासाठी नाही.

किती लावायचं, इथेच सगळे चुकतात

ट्यूबवरचा आकडा हा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलीग्रॅम लावलं तरच मिळतो, आणि लोक लावतात त्याच्या निम्मं किंवा चौथा हिस्सा. हिशोब करून बघा. पाच-सहा वर्षांच्या पोराची पूर्ण कातडी साधारण ८ हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगभर लावायचं तर १६ ग्रॅम. हाफ पँट आणि हाफ बाही घालून चेहरा, मान, हात, गुडघ्याखालचे पाय उघडे असतील तर तिसरा हिस्सा, म्हणजे ५ ग्रॅम, सपाट चहाचा एक चमचा. एका वेळेला एक चमचा, दिवसात दोनदा, दोन पोरं, झाले २० ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसात संपली पाहिजे. ज्या घरात ती ट्यूब दोन उन्हाळे पुरते तिथे सनस्क्रीन लावलंच जात नाही, फक्त लावल्याचं समाधान मिळतं. आणि म्हणूनच फुल बाही आणि रुमाल, म्हणजे ट्यूब फक्त चेहरा-पंजे-पावलांना लागते आणि बरेच जास्त दिवस पुरते.

लावायचं घरी, निघायच्या १५-२० मिनिटं आधी, शक्यतो कपडे घालायच्या आधी म्हणजे गळ्याची-बाहीची कड सुटत नाही. ठिपके ठिपके देऊन पसरवायचं, खसाखसा चोळायचं नाही. कानाची वरची कड, कानामागे, मानेचा मागचा भाग, पावलांवर चपलेच्या पट्ट्यांमधली जागा, हे हमखास राहतं. डोळ्याजवळ स्टिक बरी, ओघळत नाही. दर दोन तासांनी परत, आणि पाण्यातून बाहेर आलं, घामाने निथळलं, टॉवेलने पुसलं की दोन तास झाले नसले तरी परत. आधी पुसून कोरडं करा, मग लावा. आखाजीला झोक्यावरून उतरायला तयार नसलेल्या पोरीला पकडून आणणं अवघड असतं, म्हणून जेवायला बसवलं की तेव्हाच उरकून घ्यायचं, आमरसाची वाटी पुढे असताना कोणी पळत नाही.

डासांचं क्रीम पण लावायचं असेल तर सनस्क्रीन आधी, ते सुकलं की मग डासांचं. ड जीवनसत्त्वाचं काय असं विचारणारे भेटतात, तर इतकं काटेकोर कोणीच लावत नाही की ते बंदच पडेल. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, दुपारच्या उन्हात उभं करणं हा त्यावरचा उपाय नाही.

लिंबाचं एक सांगायचं राहिलं. उन्हात बसून लिंबू पिळलं किंवा सरबत हाता-तोंडावर सांडलं आणि त्यावर ऊन पडलं की एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे डाग येतात, ओघळ जसा गेला तसाच डाग. आई-बाप घाबरतात, काय चावलं म्हणून शोधत बसतात. सरबत सावलीत करा आणि पोरांचे हात-तोंड साबणाने धुवून मगच उन्हात सोडा.

पाणी

तहान लागायची वाट बघायची नाही, खेळ थांबवून दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, हे आपलं घरचंच औषध आहे. ओआरएसचं पाकीट ठेवा, एक लिटरचं पाकीट एक लिटरच पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धं अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रंगीत डब्यातली गोड पेयं २०२५ पर्यंत ओआरएसच्या नावाने मिळायची, ती खरी ओआरएस नव्हेत. पाणी पुरतंय का ते कळत नसेल तर लघवी बघा: गडद पिवळी झाली किंवा पाच-सहा तास झालीच नाही तर पाणी कमी पडलंय.

गाडीत पोरगं झोपलंय म्हणून "दोनच मिनिटं" काच थोडी उघडी ठेवून जायचं नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं, आणि आपल्याकडे सुरुवातच ४३ पासून होते.

लागलंच तर

कातडी भाजली तर ती लगेच कळत नाही, तीन-चार तासांनी लाल व्हायला लागते आणि सगळ्यात जास्त दुसऱ्या दिवशी. साध्या गार पाण्याच्या पट्ट्या, अंघोळ, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन. बर्फ घासायचा नाही, टूथपेस्ट, तूप, हळद लावायची नाही. फोड आले, ताप आला किंवा पोरगं एक वर्षाच्या आतलं असेल तर सरळ डॉक्टर. फोड फोडू नका.

ऊन लागल्याची सुरुवात अशी असते: पोरगं गप्प होतं, चिडचिड करतं, डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. इथेच पकडलं तर सावलीत आडवं करून, कपडे सैल करून, ओलं फडकं फिरवून, घोट घोट ओआरएस दिलं की अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटायला लागतं. पण बडबडायला लागलं, ओळखेना, झटके आले, बेशुद्ध झालं किंवा अंग चटका बसेल एवढं गरम लागलं तर तो उष्माघात, तिथे वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका, बादलीने, नळीने, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवत राहा आणि वारा घाला, मान-काखा-जांघांत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी या तापावर चालत नाही. दवाखान्यात नेताना गाडीतही भिजवणं आणि वारा घालणं चालूच ठेवा, सीट ओलं होईल तर होऊ द्या. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी लगेच उन्हात सोडू नका, दोन-तीन दिवस घरातच, कारण एकदा ऊन लागलेल्या पोराला परत लवकर लागतं.